सात पर्यायांमधला चौथा

विद्यापीठात माझं काम प्रश्नावल्या साफ करण्याचं आहे. लोक उत्तरं देतात, ती आकडे होऊन माझ्या पडद्यावर येतात, आणि त्यांतली कुठली मोजणीत घ्यायची, कुठली वगळायची हे मी पाहते. कुणी वयाच्या जागी दोनशे लिहिलेलं असतं. कुणी चाळीस प्रश्न मिनिटभरात उरकलेले असतात. कुणी पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत एकाच पर्यायावर खूण करत गेलेलं असतं. असे फॉर्म निष्काळजी समजून काढून टाकायचे. काय काढायचं त्याचे नियम उत्तरं हातात येण्याआधी लिहून, तारीख घालून ठेवायचे, म्हणजे नंतर कुणाला ते आपल्या सोयीने वाकवता येत नाहीत. वीसएक वर्षं मी हे करते आहे. यात हुशारी फारशी लागत नाही, चिकाटी लागते.

नवा फॉर्म आला की तो आधी माझ्या नवऱ्यावर आजमावायचा, अशी आमच्या घरची पद्धत होती. ॲरिझोनातल्या चँडलरला आम्ही त्याच्या नोकरीमुळे आलो. तो चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होता. शनिवारी सकाळी चहाबरोबर मी त्याच्यापुढे छापील फॉर्म ठेवायचे. तो चष्मा कपाळावर चढवायचा, कागद डोळ्यांजवळ न्यायचा आणि उत्तरं देता देता समासात शेरे लिहायचा. 'हे एक वाक्य दोन प्रश्न विचारतं.' 'हे माझ्या आईला विचारा.' 'सात मिनिटं. चहा गार.' एकदा समाधान मोजणाऱ्या कुठल्याशा प्रश्नावलीवर त्याने लिहिलं होतं, 'कोण विचारतंय त्यावर आहे.'

"अरे, कोण विचारतंय ते वर छापलंय," मी म्हटलं. "विद्यापीठ विचारतंय."

"विद्यापीठ कुठे विचारतंय? तू विचारतेयस."

आम्ही एका कॉलेजातले, म्हणून अरे-तुरे. त्याच्या आईला ते शेवटपर्यंत खटकत राहिलं. तो शेरा मी उपयोगाचा नाही म्हणून सोडून दिला.

गेल्या वर्षी मार्चमध्ये तो गेला. आजार चौदा महिन्यांचा होता. पंधराव्या दिवशी मी कामावर परतले, कारण घरी बसून काय करायचं ते मला सुचत नव्हतं. विभागातल्या सगळ्यांनी सह्या केलेलं एक कार्ड माझ्या टेबलावर होतं. कार्डाशेजारी एक डबा होता, त्यात सोललेल्या पपनसाच्या फोडी होत्या, वरचा पापुद्राही काढलेल्या. तो डबा कुणाचा ते मला दुपारी कळलं.

तो होता पीएच.डी. करणाऱ्या एका चिनी विद्यार्थिनीचा. तिशीच्या आतबाहेरची, नेहमी हातात गरम पाण्याचा थर्मास, ॲरिझोनाच्या जूनमध्येसुद्धा. मला ती 'लाओशी' म्हणायची. मी शिक्षिका नाही हे मी तिला दोनदा सांगून पाहिलं. त्यांच्याकडे शिक्षणसंस्थेत काम करणाऱ्या कुणालाही तसंच म्हणतात, असं तिने सांगितलं. आपल्या शाळेतल्या 'बाई'सारखं ते असावं असं मी धरून चालले, आणि इथेही तसंच लिहिते. आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत व्हायचं.

तिच्या प्रबंधाचा विषय असा: आपल्या जगण्याला काही अर्थ आहे असं चिनी विद्यापीठांतल्या मुलामुलींना किती वाटतं, ते मोजायचं. त्यासाठी बारा वाक्यं होती. सहा वाक्यं 'तो अर्थ तुम्हाला सापडला आहे का' अशा धाटणीची, सहा 'तुम्ही तो शोधता आहात का' अशा धाटणीची. प्रत्येक वाक्यापुढे एक ते सात आकडे. एक म्हणजे अजिबात पटत नाही, सात म्हणजे पूर्ण पटतं. वाक्यं मुळात अमेरिकन मुलांसाठी केलेली. इथल्या मुलांचं असं दिसतं की ज्यांना सापडलं ते फारसं शोधत नाहीत आणि जे शोधताहेत त्यांना सापडलेलं नसतं. तिकडे सापडणं आणि शोधणं एकाच घरात नांदत असेल, असा तिचा अंदाज होता. तो खरा की खोटा हे ठरवायला पुष्कळ फॉर्म लागत. ते तिने आपल्या गावच्या विद्यापीठातून मिळवले होते. मे महिन्यात पदवी घ्यायची आणि ऑगस्टमध्ये त्याच गावातल्या एका कॉलेजात शिकवायला लागायचं, असं तिचं ठरलेलं होतं. कॉलेजने जागा राखून ठेवली होती. ती तीन वर्षं घरी गेलेली नव्हती.

जानेवारीत उत्तरं आली. मी नेहमीप्रमाणे चाळायला घेतली, तर एका भल्यामोठ्या वर्गातले अर्ध्याहून जास्त फॉर्म वरपासून खालपर्यंत चार, चार, चार.

बारा वाक्यांतली तीन आम्ही मुद्दाम उलटी लिहितो. म्हणजे इतर ठिकाणी 'माझ्या जगण्याला दिशा आहे' असं असलं, तर मध्येच कुठे 'आपण कशासाठी जगतो ते मला कळत नाही' असं असतं. न वाचता सगळीकडे सात लिहिणारा तिथे आपोआप सापडतो. चार मात्र उलटा केला तरी चारच राहतो, बरोबर मधला. चारवाला स्वतःच्या विरुद्ध कधीच बोलत नाही. म्हणून त्याच्यासाठी वेगळा नियम करावा लागतो, आणि तो मीच लिहिलेला होता: सर्व उत्तरं एकसारखी असतील तर फॉर्म निष्काळजी समजून वगळावा.

मी तिला बोलावून पडदा दाखवला. एवढे फॉर्म वगळले तर उरलेल्यांवर तिची मुख्य मोजणी उभी राहणार नाही, हे सांगावं लागलं नाही. तिला आकडे माझ्याइतकेच वाचता येत होते.

"बाई, हे निष्काळजी नाहीत," ती म्हणाली.

"कशावरून?"

"मला माहीत आहे."

"माहीत असणं नियमात बसत नाही."

"मग विचारू या त्यांना," ती म्हणाली. "शेवटी लिहिलं होतं ना, बोलायची तयारी असेल तर संपर्क द्या म्हणून."

चारवाल्यांपैकी तिघांनी संपर्क दिला होता. दोघांनी नंतर उत्तरच पाठवलं नाही. एक मुलगी तयार झाली. विद्यार्थिनीच्या मार्गदर्शकांना आम्ही कळवलं. ते मला म्हणाले, "तुम्ही दोघी बोलून घ्या. तू जे ठरवशील त्यावर मी सही करतो." म्हणजे तिची मे महिन्यातली पदवी माझ्या हातात आली.

त्या काळात दर रविवारी माझ्या मुलीचा पोर्टलंडहून फोन यायचा, अजूनही येतो. ती इथेच जन्मलेली. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते. सुरुवात ठरलेली. "आई, वन टु टेन?" वडिलांच्या दवाखान्यातला प्रश्न तिने उलटा करून उचलला होता, दहा म्हणजे उत्तम. मी म्हणायचे, "सहा." ती म्हणायची, "ओके, सिक्स इज गुड." मग आम्ही तिच्या भिंतीला कुठला रंग द्यायचा यावर बोलायचो. वर्षभर मी सहा सांगत होते. सहापेक्षा वेगळं काही आहे का, हे मी स्वतःला विचारलं नव्हतं.

मुलाखत व्हिडिओवर, आमच्या संध्याकाळी पाचला, त्यांच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळी आठला झाली. ती मुलगी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. खोलीत आणखी पाचजणी होत्या म्हणून वसतिगृहाच्या जिन्यावर येऊन बसली होती. हातात वाफवलेला पाव, अर्धा खाल्लेला. मी इंग्रजीत विचारायचे, माझी विद्यार्थिनी चिनीत सांगायची, आणि उत्तर उलट्या वाटेने माझ्यापर्यंत यायचं.

तू वाक्यं वाचली होतीस का, असं मी विचारलं.

सगळी वाचली. दोनदा.

मग प्रत्येकाला चार का?

ती हसली, पाव कागदात गुंडाळला आणि बराच वेळ बोलली. माझी विद्यार्थिनी ऐकत राहिली. मग तिने मला सांगितलं ते असं. दर वर्षी सत्र सुरू झालं की विद्यापीठ मुलांच्या मनाची तपासणी करतं. असाच फॉर्म, असेच आकडे. पहिल्या वर्षी या मुलीने खरं लिहिलं. घरची आठवण येत होती, झोप लागत नव्हती, तेवढंच. आकडा खाली गेला. वर्गाची देखरेख करणाऱ्या बाईंनी तिला बोलावून घेतलं, आणि घरी फोन केला. तिची आई अकरा तास रेल्वेत बसून, खारवलेली अंडी घेऊन आली आणि चार दिवस वसतिगृहाबाहेरच्या लॉजमध्ये राहिली. आईची दुकानातली नोकरी त्यात गेली.

"तेव्हापासून ती चार लिहिते," माझी विद्यार्थिनी म्हणाली. "चार लिहिलं की कुणी कुणाला फोन करत नाही."

"पण सहा-सात लिहिलं तरी कुणी फोन करणार नाही."

हे तिने चिनीत विचारलं. उत्तर छोटं आलं.

"ती म्हणते, सात कोण लिहितं? सात लिहिणारं माणूस कसं असतं?"

"पण आमचा फॉर्म विद्यापीठाचा नव्हता. नाव लिहायचं नव्हतं. वर स्पष्ट लिहिलं होतं."

या वेळी माझ्या विद्यार्थिनीने प्रश्न पलीकडे पोचवलाच नाही. तिने स्वतःच सांगितलं. फॉर्मचा दुवा तिने आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीकडे पाठवला होता. ती मैत्रीण म्हणजेच त्या वर्गाची देखरेख करणारी बाई. तिने दुवा वर्गाच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, संध्याकाळी सहापर्यंत सगळ्यांनी भरावा. मग वर्गप्रतिनिधीने, कोणाकोणाचा राहिलाय, त्यांची नावं ग्रुपवर टाकली.

"हे तू मला सांगितलं नाहीस."

"त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही, बाई. तिकडे फॉर्म असेच भरतात."

जिन्यावरच्या मुलीला पुढच्या तासाला जायचं होतं. तिने आम्हाला विचारलं, माझ्या उत्तरांमुळे या ताईंचं काही नुकसान होणार आहे का? माझ्या विद्यार्थिनीने नाही म्हणून सांगितलं. त्याचं भाषांतर तिने केलं नाही. मान हलवली त्यावरून मला समजलं.

पडदा बंद केल्यावर ती थर्मासचं झाकण फिरवत बसली.

"मीसुद्धा चारच लिहायचे," ती म्हणाली. "पदवीची चारही वर्षं."

"म्हणून तुला माहीत होतं."

"म्हणून."

मी दोन दिवस मागून घेतले. खरं तर एका दिवसात ठरवता आलं असतं. पण मला त्या मधल्या आकड्याबद्दल दुसरंच काही आठवत होतं आणि ते बाजूला ठेवून काम करता येत नव्हतं.

आजारपणात प्रत्येक खेपेला दवाखान्यात नवऱ्याच्या हातात एक टॅब्लेट देत. दुखणं किती, शून्य ते दहा. मनाला त्रास किती, शून्य ते दहा. एकदा, पहिल्याच उन्हाळ्यात, त्याने दोन्हीकडे आठ लिहिलं होतं. त्याच आठवड्यात समाजसेविका घरी आली, तिने माझी वेगळी अर्धा तास चौकशी केली, आणि मुलगी नोकरीतून रजा टाकून विमानाने आली. तीन आठवडे राहिली. स्वयंपाकघरात उभी राहून ती रडायची आणि आम्हाला ते ऐकू येत नाही असं तिला वाटायचं. "एक आकडा बोललो," तो मला म्हणाला होता, "तर पोरगी विमानात बसली." तो विनोद म्हणून सांगत होता आणि मी विनोद म्हणून ऐकला.

त्यानंतर तो कायम पाच सांगायचा. पाच आणि पाच.

"काल उठून बसवत नव्हतं तुला," मी गाडीत म्हणायचे. "नीट सांग ना. त्यांना कळायला नको?"

"पाच माझा लकी नंबर आहे."

"लकी नंबरचा रकाना नाहीये तो."

"मग काढून टाक मला तुझ्या डेटातून. काढतेस ना तू माझ्यासारखे?"

मी खरोखर चिडायचे. वीस वर्षं मोजमापाचं काम करणाऱ्या बाईच्या नवऱ्याने एवढाही आकडा धड देऊ नये, असं मला वाटायचं. शेवटच्या दोन महिन्यांत मी विचारणंच सोडलं. नर्स विचारायची, तो पाच म्हणायचा, आणि मी खिडकीबाहेर पार्किंगमधल्या गाड्या बघायचे. माझ्या लेखी तो निष्काळजी उत्तर देणारा होता. तसा मी त्याचा निकाल लावून टाकला होता.

तिसऱ्या दिवशी विद्यार्थिनी आली. तिने आपली बाजू नीट तयार करून आणली होती. नियमात निष्काळजी असा शब्द आहे. हे निष्काळजी नाहीत, हे आपण मुलाखतीने दाखवलं. म्हणजे नियम यांना लागू होत नाही. म्हणजे फॉर्म ठेवता येतात.

हे चुकीचं नव्हतं. मी हो म्हटलं असतं तर मार्गदर्शकांनी सही केली असती, आणि पुढे कुणी विचारलं असतं तर मला उत्तरही देता आलं असतं.

"निष्काळजी हा शब्द मी चुकीचा लिहिला," मी म्हटलं. "ती मुलं फार काळजीने उत्तर देताहेत. पण ते तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. तू विचारलंस, जगण्याला अर्थ वाटतो का. त्यांनी सांगितलं, माझ्या आईला फोन करू नका."

तिने थर्मास टेबलावर ठेवला.

"तो चार तू मोजणीत घेतलास तर सगळ्या वर्गाचं जगणं बेताचं आहे असं कागदावर येईल. त्यांनी तसं म्हटलेलं नाही. कुणीच काही म्हटलेलं नाही."

"म्हणजे मे नाही."

"नाही."

"पुन्हा विचारायचं."

"पुन्हा, आणि त्या ग्रुपवरून नाही."

तिने थर्मास उचलला, खुर्ची होती तशी आत सरकवली आणि गेली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तीन आठवडे ती माझ्याकडे फिरकली नाही. मी तिच्या फायलीत चारवाल्यांचा वेगळा तक्ता केला आणि निष्काळजी शब्द काढून तिथे 'सर्व उत्तरं मधली' एवढंच लिहिलं. नियम बदलला नाही, त्याचं नाव बदललं, आणि का बदललं ते खाली तारखेसह नोंदवलं.

त्यातल्याच एका रविवारी मुलीने विचारलं, "आई, वन टु टेन?"

"तीन," मी म्हटलं.

तिने पलीकडे टीव्ही बंद केला. मग, "शुड आय कम?"

"नको. येऊ नकोस. मी फक्त सांगितलं."

"आर यू शुअर? आय कॅन बी देअर बाय टुनाइट."

"अगं, विमानात बसायला नाही सांगितलं. विचारलंस म्हणून सांगितलं."

ती म्हणाली, "आयॅम अ फोर. सिन्स यू आस्क्ड." मी विचारलं नव्हतं. गेल्या वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं. त्या दिवशी भिंतीच्या रंगाचा विषय निघाला नाही.

एप्रिलमध्ये विद्यार्थिनी परत आली. सप्टेंबरमध्ये, नवं सत्र सुरू झालं की, दुसऱ्या तीन विद्यापीठांतून फॉर्म भरून घ्यायचे, असं तिने ठरवलं होतं. देखरेख करणाऱ्या बाईंकडून नाही, वर्गाच्या ग्रुपवरून नाही. खाणावळीच्या भिंतीवर कागद लावायचे, ज्याला वाटेल त्याने भरावा. फॉर्म थोडे येतील, वेळ लागेल. गावच्या कॉलेजातली जागा तोवर दुसऱ्या कुणाला देऊन झाली होती. हे तिने मला सांगितलं तेव्हा ती प्रिंटरमध्ये कागद भरत होती. मी वाईट झालं म्हटलं. ती म्हणाली, "हो." नंतर म्हणाली, "आईला वाईट वाटलं. मला किती वाटलं ते अजून बघते आहे."

ऑगस्टच्या शेवटी नवा फॉर्म तयार झाला. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: तुमची उत्तरं तुमच्या विद्यापीठातल्या कुणालाही दिसणार नाहीत. कुणालाही फोन केला जाणार नाही. तिने इंग्रजी प्रत माझ्या टेबलावर ठेवली.

"बाई, तुमच्याकडे आधी आजमावायची पद्धत आहे ना? घरी?"

ही पद्धत मी तिला कधी सांगितली होती ते मला आठवेना. "होती," मी म्हटलं. ती प्रत पिशवीत घालून मी घरी नेली.

शनिवारी सकाळी चहा केला आणि कागद पुढे घेतला. आकडे साफ करत इतकी वर्षं गेली, पण आपण स्वतः असा फॉर्म कधी पूर्ण भरलेला नाही, हे त्या वेळी लक्षात आलं. मधला आकडा हाताशी असतो. पेन आपोआप तिकडे जातं. मी दोनदा ते उचलून घेतलं. एका वाक्याला दोन लिहिलं, एकाला सहा. शोधण्याच्या वाक्यांना मी अपेक्षेपेक्षा जास्त आकडे दिले, हे पाहून जरा नवल वाटलं. दोन वाक्यांपुढे काय लिहावं ते मला अजिबात कळेना, तेव्हा त्या जागा रिकाम्या सोडल्या. या मुलामुलींना पुन्हा विचारता येतं. ज्याला मी विचारायचं सोडून दिलं त्याला आता नाही.

समासात वेळ लिहिली. चौदा मिनिटं. चहा गार.

सोमवारी तो कागद तिला दिला. तिने उभ्या उभ्या उत्तरांवरून बोट फिरवलं, रिकाम्या जागांशी थांबली आणि माझ्याकडे पाहिलं.

"दोनपर्यंत चालतात," मी म्हटलं. "नियम आहे."